दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ कसा काढावा: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे अंतर शोधायला बसलात, तर एका ठिकाणी ५,५४० हा आकडा दिसतो, दुसरीकडे ५,५५४, तिसरीकडे ३,४५१ आणि चौथीकडे २,९९९. गंमत म्हणजे यांतला एकही आकडा चुकीचा नाही. पहिला आकडा पृथ्वी अगदी गोल आहे असे मानून काढलेल्या किलोमीटरांचा, दुसरा तिचा किंचित चपटा आकार लक्षात घेऊन काढलेल्या किलोमीटरांचा, तिसरा मैलांचा आणि चौथा सागरी मैलांचा आहे. वेळेच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा असतो, कारण त्याच मार्गासाठी कुठे सात तास लिहिलेले असतात, कुठे आठ, आणि तिकिटावरच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी केली तर उत्तर तीन तास येते.

या विषयात शिरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अंतर हा भूमितीचा प्रश्न असून, दोन बिंदू आणि मोजण्याची रीत ठरली की त्याचे उत्तर एकच येते. वेळ मात्र वारा, हवाई हद्दी, विमानाचा प्रकार आणि विमानतळावरची वर्दळ यांवर ठरतो, त्यामुळे त्याचे प्रामाणिक उत्तर 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असेच द्यावे लागते. एखादे साधन वेळ मिनिटापर्यंत सांगत असेल, तर त्याने अंतराला एका ठरावीक वेगाने भागले आहे, एवढेच समजावे.

काय काय हाताशी असावे

- दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी संकेत, आणि शक्य असल्यास चार अक्षरी संकेतही
- दोन्ही विमानतळांचे अक्षांश व रेखांश, शक्यतो त्या देशाच्या अधिकृत वैमानिकी माहिती-पुस्तिकेतले
- स्प्रेडशीट किंवा साइन-कोसाइनची सोय असलेला कॅल्क्युलेटर
- पृथ्वीगोल, किंवा मोजपट्टीची सोय असलेला पडद्यावरचा गोल
- दोन्ही ठिकाणांचा जागतिक प्रमाणवेळेपासूनचा, म्हणजे यूटीसीपासूनचा, प्रवासाच्या तारखेचा फरक
- उड्डाणांचा मागोवा ठेवणारी फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारखी एखादी सेवा

१. अंतर कशासाठी हवे आहे, ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. केवळ कुतूहल असेल तर पन्नास किलोमीटर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. परंतु उड्डाणाला उशीर झाला किंवा ते रद्द झाले म्हणून भरपाई मागायची असेल, तर तेच पन्नास किलोमीटर निर्णायक ठरू शकतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात भरपाईच्या पायऱ्या १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या अंतरांवर ठरवल्या आहेत आणि ते अंतर पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजावे, असे नियमातच म्हटले आहे. जोडउड्डाण असेल तर मधल्या थांब्याचा वळसा धरायचा की नाही, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला होता. पहिले प्रस्थान आणि अंतिम ठिकाण यांमधील थेट अंतरच ग्राह्य धरावे, असा निकाल २०१७ मध्ये लागला. त्यामुळे दोन टप्प्यांच्या अंतरांची बेरीज करून केलेला अर्ज टिकत नाही.

प्रवासामुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा अंदाज हवा असेल तर हिशेब वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, आपल्या गणनपद्धतीत थेट अंतरात थोडी भर घालते: ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला ५०, ५५० ते ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर. विमान नेमके सरळ रेषेत कधीच जात नाही, या वस्तुस्थितीची ती दखल आहे.

आणखी एक फरक इथेच नीट करून घ्यावा. शहर ते शहर आणि विमानतळ ते विमानतळ ही दोन वेगळी अंतरे आहेत. फ्रँकफुर्टचे नाव लावणारा हान विमानतळ फ्रँकफुर्टपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. शहरांच्या नावांनी शोध घेतला तर बरीचशी साधने शहराच्या मध्यापासून मोजतात.

२. विमानतळ नेमका ओळखा

नावावर विसंबू नये, संकेतावर विसंबावे. तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर दिसणारे तीन अक्षरी संकेत आयाटा ही संघटना देते, तर वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात ते चार अक्षरी संकेत आयकाओचे असतात. हीथ्रोचा तीन अक्षरी संकेत एलएचआर आणि चार अक्षरी ईजीएलएल आहे, तर केनेडी विमानतळाचे संकेत अनुक्रमे जेएफके आणि केजेएफके असे आहेत. चार अक्षरी संकेताचे पहिले अक्षर प्रदेश दाखवते, म्हणून चुकीच्या खंडातला विमानतळ निवडला गेला असेल तर ते तिथेच उघडे पडते.

एकाच नावाची गावे हा नेहमीचा सापळा आहे. सॅन होजे म्हटले की कॅलिफोर्नियातला एसजेसी असू शकतो आणि कोस्टा रिकातला एसजेओ देखील. सांतियागो तर तीन देशांत सापडते: चिलीचा विमानतळ एससीएल, डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा एसटीआय आणि स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाचा एससीक्यू.

दुसरा सापळा शहर-संकेतांचा. एलओएन म्हणजे लंडन, एनवायसी म्हणजे न्यूयॉर्क, टीवायओ म्हणजे टोकियो. हे संकेत एका विमानतळाचे नसून त्या शहराच्या सगळ्या विमानतळांचे मिळून असतात. टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे आणि नारिता मध्यवर्ती भागापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, पण शोधाच्या चौकटीत टीवायओ टाकले की यांपैकी कुठला धरला गेला ते कळत नाही.

तिसरा सापळा जुन्या याद्यांचा आहे, आणि तो सर्वांत कमी जणांना माहीत असतो. विमानतळ नव्या जागी गेला तरी संकेत तोच राहू शकतो. इस्तंबूलचा आयएसटी हा संकेत पूर्वी अतातुर्क विमानतळाचा होता. एप्रिल २०१९ मध्ये वाहतूक नव्या विमानतळावर गेली तेव्हा संकेतही तिकडे गेला, आणि अतातुर्कला आयएसएल हा संकेत मिळाला. दोन्ही जागांमध्ये तीस किलोमीटरहून अधिक अंतर आहे. हाँगकाँगच्या एचकेजी या संकेताचेही १९९८ मध्ये असेच स्थलांतर झाले. म्हणून अक्षांश-रेखांशांची यादी कुठल्या वर्षीची आहे, ते पाहूनच ती वापरावी.

३. अक्षांश-रेखांश मिळवा आणि दशांशात आणा

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि अधिकृत पुस्तिकेत त्याचे स्थान अंश, मिनिटे व सेकंद यांत दिलेले असते. हीथ्रोचा बिंदू ५१ अंश २८ मिनिटे ३९ सेकंद उत्तर आणि ० अंश २७ मिनिटे ४१ सेकंद पश्चिम असा आहे. केनेडीचा ४० अंश ३८ मिनिटे २३ सेकंद उत्तर आणि ७३ अंश ४६ मिनिटे ४४ सेकंद पश्चिम.

दशांशात आणण्यासाठी मिनिटांना ६० ने व सेकंदांना ३,६०० ने भागून ते अंशांत मिळवावे. हीथ्रोचे अक्षांश मग ५१.४७७५ होतात आणि केनेडीचे ४०.६३९७. रेखांश ०.४६१४ आणि ७३.७७८९ येतात, आणि ते पश्चिमेचे असल्यामुळे दोन्हींना उणे चिन्ह लागते. दक्षिण अक्षांशांनाही तसेच.

इथे होणारी ठरलेली चूक म्हणजे ५१ अंश २८ मिनिटे ३९ सेकंद हे सरळ ५१.२८३९ असे लिहून मोकळे होणे. आकडा दिसायला अगदी बरोबर वाटतो, पण बिंदू वीस-एकवीस किलोमीटर दक्षिणेला सरकलेला असतो. चिन्ह विसरण्याची चूक त्या मानाने निरुपद्रवी म्हणावी, कारण तिच्यामुळे उत्तर बहुधा इतके विचित्र येते की ती लगेच लक्षात येते.

बिंदू मीटरच्या अचूकतेने शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. डॅलस फोर्ट वर्थसारखा विमानतळ सुमारे ७० चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. तिथे संदर्भबिंदू आणि तुमचे विमान ज्या दारापाशी (गेटपाशी) उभे आहे ती जागा यांतच काही किलोमीटरांचा फरक पडू शकतो.

४. अंतर काढा

गोलाच्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. साधनांमध्ये यालाच ग्रेट सर्कल म्हणतात. ते हाताने काढण्याची रीत अशी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे, या दोन्हींची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन घ्यावा. जो कोन अंशांत मिळेल त्याला १११.१९५ ने गुणले की किलोमीटर मिळतात, कारण पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर परिघाच्या एका अंशाला तेवढी लांबी येते.

आपल्या उदाहरणात पहिला गुणाकार ०.५०९६ येतो. रेखांशांतील फरक ७३.३१७५ अंश असल्याने दुसरा भाग ०.१३५७ येतो. बेरीज ०.६४५२, तिचा व्यस्त कोसाइन ४९.८२ अंश, आणि अंतर ५,५४० किलोमीटर. स्प्रेडशीटमध्ये हे करताना कोन आधी रेडियन या दुसऱ्या एककात बदलावे लागतात आणि शेवटी मिळालेला कोन पुन्हा अंशांत आणावा लागतो. ते राहिले तर स्प्रेडशीट तक्रार करत नाही, निमूटपणे एक भलताच आकडा हातात ठेवते. फार जवळच्या बिंदूंसाठी हॅव्हरसाइन नावाचे सूत्र अधिक सुरक्षित मानतात. विमानतळांसाठी दोन्ही सारखेच चालतात.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. हा चपटेपणा हिशेबात घेणाऱ्या पद्धती गुंतागुंतीच्या आहेत, त्यांतली १९७५ मधली व्हिन्सेंटीची पद्धत सर्वाधिक परिचित आहे, आणि तयार साधने बहुधा अशाच एखाद्या पद्धतीने चालतात. म्हणून त्यांत ५,५५४ दिसते. फरक १४ किलोमीटरांचा, म्हणजे पाव टक्क्याचा. गोल मानून काढलेले उत्तर जगात कुठेही साधारण अर्ध्या टक्क्याहून जास्त चुकत नाही. तुमचे अंतर एखाद्या नियमाच्या सीमेला अगदी टेकलेले असेल, तेव्हाच चपटेपणाची काळजी करावी.

एककाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर आणि साधा मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. दोन्हींना नुसते 'मैल' म्हणण्याची सवय सर्वत्र आहे, आणि त्यातून पंधरा टक्क्यांची चूक होते. चपटेपणामुळे पडणाऱ्या पाव टक्क्यापुढे ही चूक कितीतरी मोठी आहे.

उत्तर पडताळण्यासाठी एक सोपे उदाहरण नेहमी जवळ ठेवण्यासारखे आहे. सिंगापूर आणि केनेडी विमानतळ यांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक आहे, म्हणजे हे दोन्ही बिंदू ध्रुवाच्या दोन बाजूंना जवळपास समोरासमोर आहेत. अशा वेळी सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाला खेटून जातो आणि साइन-कोसाइनची गरजच उरत नाही. सिंगापूरपासून ध्रुव ९० वजा १.४, म्हणजे ८८.६ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ९० वजा ४०.६, म्हणजे ४९.४ अंश. बेरीज १३८ अंश, गुणिले १११.२, म्हणजे सुमारे १५,३५० किलोमीटर. तुमच्या स्प्रेडशीटने या जोडीसाठी याच्या आसपासचे उत्तर दिले नाही, तर सूत्र लिहिताना काहीतरी चुकले आहे.

५. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका

भिंतीवरच्या नकाशावर न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. दोन्ही विमानतळांचे अक्षांश साडेचाळीस अंशांच्या आसपास येतात. पाहणाऱ्याला वाटते की विमान त्या रेषेवरून सरळ पूर्वेला जात असेल. त्या अक्षवृत्तावरून गेल्यास अंतर सुमारे ५,९३० किलोमीटर भरते, तर बृहद्वृत्तावरून ५,७६० च्या आसपास, आणि तो मार्ग मध्यावर ४६ अंश उत्तरेच्या पुढे चढतो. १७० किलोमीटरांची ही बचत कागदावर लांबच्या वळशासारखी दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की तो आपोआप उत्तरेकडे सरकलेला दिसतो. ज्यांना सूत्रांचा कंटाळा आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

६. प्रत्यक्ष मार्ग थेट अंतरापेक्षा किती लांब आहे, ते पाहा

काढलेले अंतर हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात विमानाला निघताना आणि उतरताना ठरावीक मार्गांनी जावे लागते, वादळे टाळावी लागतात, आणि काही हवाई हद्दी बंद असतात. हेलसिंकी ते टोकियो हे थेट अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि पूर्वी रशियावरून जाणाऱ्या उड्डाणांना साडेनऊ तासांच्या आसपास लागत असत. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाली, तेव्हापासून ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो आणि वेळ तेरा तासांच्या आसपास गेला आहे. विमानतळ जागेवरच आहेत, अंतर कॅल्क्युलेटरमध्ये आजही तेवढेच येते. म्हणूनच नुसत्या अंतरावरून वेळ सांगणारी साधने अशा मार्गांवर तोंडघशी पडतात.

समुद्रावरच्या मार्गांना दोन इंजिनांच्या विमानांसाठी असलेला नियमही लागू होतो. एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, अशी अट असते. मूळ मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांच्या परवानगीने अटलांटिक ओलांडणारी उड्डाणे सुरू झाली आणि आता मर्यादा याहून पुष्कळ वाढल्या आहेत. त्यामुळे उत्तर गोलार्धात या अटीचा वळसा फारसा जाणवत नाही. दक्षिण पॅसिफिकसारख्या ओसाड भागात मात्र ती अजूनही विचारात घ्यावी लागते.

ढोबळ अंदाजासाठी लांब मार्गावर थेट अंतरात सुमारे पाच टक्के आणि छोट्या मार्गावर दहा टक्के भर घालावी, असे माझे मत आहे. बंद हवाई हद्द आडवी येत असेल तर हा अंदाज सोडून द्यावा आणि थेट दहाव्या पायरीकडे जावे.

७. वारा नाही असे धरून वेळ काढा

पस्तीस ते चाळीस हजार फुटांवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर असतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारखी लांब पल्ल्याची विमाने त्याच्या सुमारे ८५ टक्के वेगाने जातात, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरांच्या थोडे पुढे. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ही विमाने सुमारे ७८ टक्के, म्हणजे ताशी ८३० च्या आसपास. एटीआर ७२ सारखे पंखेवाले विमान ताशी ५०० किलोमीटरच गाठते. म्हणून वेळ काढण्याआधी विमान कोणते आहे ते तिकिटावर पाहून घ्यावे. छोट्या मार्गावर जेटऐवजी एटीआर असेल तर अंदाज पार बदलतो.

भर घातलेल्या अंतराला या वेगाने भागावे आणि चढाई, उतरण व जमिनीवरची हालचाल यांसाठी अर्धा तास मिळवावा. लंडन-न्यूयॉर्कसाठी ५,८०० भागिले ९०० म्हणजे साडेसहा तासांना थोडे कमी, अधिक अर्धा तास, म्हणजे सुमारे सात तास.

हा अर्धा तास सगळीकडे पुरेल असे समजू नये. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची पोल्डरबान ही धावपट्टी इतकी दूर आहे की तिथे उतरल्यावर इमारतीपर्यंत पोहोचायलाच पंधरा-वीस मिनिटे जाऊ शकतात. उलट टोकाला, स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधले २.७ किलोमीटरांचे उड्डाण दोन मिनिटांच्या आत संपते, आणि तिथे आपले सूत्र लावणे म्हणजे चेष्टाच होईल.

८. वारा हिशेबात घ्या, आणि दोन्ही दिशा वेगळ्या धरा

माझ्या मते सगळ्या मार्गदर्शनातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. मध्यम अक्षांशांवर, विमाने जितक्या उंचीवर उडतात साधारण तितक्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. पूर्वेकडे जाणारे विमान त्यांचा फायदा घेते आणि पश्चिमेकडे जाणारे त्यांच्याशी झुंजते किंवा त्यांना टाळून जाते. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्गांची आखणी रोज नव्याने होते. सिंगापूर ते न्यूयॉर्क उड्डाण बऱ्याचदा ध्रुवाकडे न वळता पॅसिफिकवरून जाते, त्याचेही कारण हेच: मार्ग लांब पडला तरी पाठीशी वारा असला की वेळ वाचतो.

सरासरी ताशी १०० किलोमीटरांचा वारा धरला, तर आपल्या उदाहरणात पश्चिमेकडे जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ८०० होतो आणि पूर्वेकडे १,०००. पहिल्या दिशेला हवेत सव्वासात तास लागतात, दुसऱ्या दिशेला पावणेसहा तासांना थोडे अधिक. मागच्या पायरीतला अर्धा तास मिळवला की पावणेआठ आणि सव्वासहाच्या पुढचे आकडे मिळतात. वेळापत्रकात हेच साधारण आठ आणि सात तास असे दिसते. एक बारकावा इथे लक्षात घ्यावा: जाण्यात गमावलेला वेळ येण्यात पूर्ण भरून निघत नाही. वारा नसताना दोन्ही दिशांचे मिळून १२.८९ तास होतात आणि वारा धरल्यास १३.०५, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त काळ अडकलेले असते.

वारा काय करू शकतो याचे टोकाचे उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. सियारा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीसारखेच, ध्वनीपेक्षा कमी वेगाने उडत होते. अशा आकड्यांवरून आपला बेत मात्र आखू नये.

९. तिकिटावरचा वेळ नीट वाचा

तिकिटावर सुटण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. उन्हाळ्यात लंडनहून सकाळी १० ला निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी १ ला पोहोचते, असे समजा. लंडनचे १० म्हणजे यूटीसी ९, न्यूयॉर्कचा १ म्हणजे यूटीसी १७. प्रवास आठ तासांचा.

घड्याळे पुढे-मागे करण्याच्या तारखा सगळीकडे सारख्या नसतात, आणि इथे भलेभले फसतात. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन-न्यूयॉर्क फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा असतो. शरद ऋतूतही ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार यांच्यामध्ये असेच होते. भारताचा साडेपाच तासांचा आणि नेपाळचा पावणेसहा तासांचा फरक लक्षात घेता, सगळे फरक पूर्ण तासांतच असतात हे गृहीतकही सोडून द्यावे.

पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक असे चिन्ह असेल तर विमान दुसऱ्या दिवशी पोहोचते. वाररेषा ओलांडताना याच्या उलटही घडते. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेले आणि दहा तास उडालेले विमान उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ वाजता उतरते.

शिवाय वेळापत्रकातला वेळ विमानतळावरच्या दारापासून (गेटपासून) दारापर्यंतचा असतो आणि विमान कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात. अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या मोजणीत पंधरा मिनिटांपेक्षा कमी उशीर 'वेळेवर' धरला जातो, त्यामुळे वेळापत्रक सैल ठेवणे कंपनीच्या सोयीचे असते. 'वेळेआधी पोहोचलो' या घोषणेने फार हरखून जाण्याचे कारण नाही.

थांब्यांबाबत एकच सांगायचे आहे. 'डायरेक्ट' म्हणजे विनाथांबा असे नव्हे. एकाच उड्डाण-क्रमांकाने जाणारे विमान मध्ये उतरू शकते, जसे सिडनी ते लंडन जाणारे क्वांटासचे क्यूएफ१ सिंगापूरला थांबते. विनाथांबा हवे असेल तर 'नॉनस्टॉप' हा शब्द पाहावा. जोडउड्डाणात दोन्ही टप्प्यांचे वेळ आणि मधला थांबा यांची बेरीज करावी, आणि दोन्ही टप्प्यांचा विमानतळ-संकेत एकच आहे ना, हे तपासावे. एकाच शहरातले दोन विमानतळ जोडणारे तिकीट असले, तर मधला रस्त्यावरचा प्रवास सामानासकट तुम्हालाच करावा लागतो.

१०. प्रत्यक्ष उड्डाणांशी ताडून पाहा

आतापर्यंत काढलेला अंदाज हा कच्चा आराखडा आहे. आता मागोवा ठेवणाऱ्या सेवेत तुमचा उड्डाण-क्रमांक टाकून मागच्या एक-दोन आठवड्यांच्या नोंदी काढा. तिथे धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीवर टेकेपर्यंतचा वेळ दिसत असेल, तर तो वेळापत्रकातल्या वेळेपेक्षा वीस ते चाळीस मिनिटांनी कमी असणे स्वाभाविक आहे. दोन्ही एकाच पट्टीने मोजलेले नाहीत. नोंदींची सरासरी काढण्यापेक्षा त्या लहानापासून मोठ्यापर्यंत मांडून मधली नोंद घ्यावी, कारण एखाद्या दिवशीचा मोठा खोळंबा सरासरी बिघडवतो. परतीचा क्रमांक वेगळा असतो, त्याच्या नोंदी वेगळ्या पाहाव्यात.

प्रवास सहा महिन्यांनी असेल तर आजच्या नोंदी अर्ध्याच उपयोगाच्या असतात. जानेवारीतले पश्चिमेकडचे उड्डाण जुलैतल्यापेक्षा साधारणपणे जास्त वेळ घेते, म्हणून सेवेत जुना इतिहास उपलब्ध असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या नोंदी काढाव्यात. पुढचे विमान पकडायचे असेल तेव्हा मधली नोंद बाजूला ठेवून सर्वांत लांबलेल्या दोन-तीन नोंदींवर बेत आखावा, आणि त्यात विमानाच्या दारातून पुढच्या दारापर्यंत चालण्याचा व तपासणीचा वेळ वेगळा धरावा, कारण तो कोणतेही साधन मोजत नाही.